गौरीच्या तापाबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं तुटत होतं, म्हणून नीट लिहूनच पाठवते. बाबा, आपल्या गौरी गायीला १०५ ताप आहे, तिने वैरण सोडलीय आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झालीय म्हणालात. मलाही गोचीडतापच वाटतो. पण त्या एका नावाखाली तीन वेगळे आजार येतात आणि तिघांची औषधं वेगळी. थायलेरियात गाठी सुजतात. बबेसियात रक्तपेशी फुटून लघवी कॉफीच्या रंगाची होते. ॲनाप्लाझ्मात डोळ्यांच्या कडा पांढऱ्या-पिवळ्या पडतात, शेण घट्ट होतं. कधी दोन आजार एकाच गायीत निघतात. इथे प्रयोगशाळेत रोज रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते, तरी नुसत्या लक्षणांवरून मीही ठाम सांगणार नाही. म्हणून पहिलं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायला सांगा, मग उपचार लगेच सुरू होऊ देत. गौरीला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका, रक्त कमी झालेल्या जनावराला तेवढी दगदगही झेपत नाही. १९६२ ला फोन करा, फिरतं पथक गोठ्यावर येतं.

थायलेरिया निघाला तर बुपारव्हाक्वोन लागेल, किलोमागे २.५ मिलिग्रॅम, मानेच्या मांसात. गौरी ४०० किलोची धरली तर ते १००० मिलिग्रॅम, म्हणजे मिलीत ५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचं २० मिली होतं, दोन जागी विभागून देतात. औषध महाग आहे, पण बाबा, पैशांकडे बघून डोस कमी करायला सांगू नका. पैसे मी पाठवते. बबेसियाला डायमिनाझिन चालतं, पण त्याच्या भरवशावर थायलेरियाची गाय वाचत नाही. ॲनाप्लाझ्मा तर जिवाणू, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. डोस डॉक्टरच ठरवतील, तुम्हाला फक्त कशाला काय ते माहीत असावं. तापासाठी कुणी डायक्लोफिनॅक सुचवलं तर नको म्हणा. ते दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मेली म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम मिळतं. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही विचारून घ्या.

ताप उतरला तरी दूध लगेच वाढणार नाही. रक्त भरून यायला काही आठवडे जातात. तोवर मऊ हिरवी वैरण, सावली आणि पाणी. डॉक्टर लोहाचं औषध देतील.

आता आई, हे तुझ्यासाठी. तू गोचिड्या काढून नखाने चिरडतेस, ते आजपासून बंद कर. त्यांच्यातल्या काही जातींमधून माणसाला काँगो ताप होतो. २०११ मध्ये गुजरातेत त्याने माणसं दगावली, त्यात उपचार करणारेही होते. हातमोजे घाल, चिमट्याने काढ आणि रॉकेलच्या डब्यात टाक. तुझ्या हाताला भेगा आहेत, म्हणून जास्त काळजी वाटते.

थायलेरिया पसरवणारी गोचीड रक्त पिऊन झालं की गायीवरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या गायीला औषध लावून गोठा मोकळा होत नाही. फटी सिमेंटने बुजवा, गव्हाणीमागचा कोपरा खरवडून जाळा, चुना मारा. फवारणीचं औषध डबीवरच्या प्रमाणातच घ्या. गायीला आधी पाणी पाजा, ओलं अंग चाटू देऊ नका आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या पोराला मजुरी देऊन करून घ्या.

खिलार बैलांना या गोचिड्या सोसतात, गौरीसारख्या संकरित गायीला नाही. गौरीची कालवड दोन महिन्यांवर गेली असेल तर थायलेरियाच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. ती लस अतिथंड द्रवरूप नत्रात (नायट्रोजनमध्ये) ठेवावी लागते, त्यामुळे सगळीकडे मिळत नाही. तिकडे नसेल तर मी इथून चौकशी करते. काचपट्टीचा निकाल आला की फोटो पाठवा, रात्री कितीही वाजले तरी.

तुमची,
ताई