मधल्या पाच वर्षांचा हिशोब कोण देणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

जानेवारीत आपल्या कोल्हापूर महापालिकेचं मतदान झालं, गुलाल उधळून झाला, आता चर्चा फक्त पदं कुणाला आणि कुठल्या गटाला याचीच. चालू दे त्यांचं, पण मधली पाच वर्षं कुठं गेली हे कोणच विचारंना म्हणून लिहितोय. कोल्हापूरनं 1 नोव्हेंबर 2015 ला मत दिलं, त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 ला संपली आणि पुढचं मत थेट 15 जानेवारी 2026 ला. 2015 ला चौथीत असलेलं पोरगं यावेळी मतदार म्हणून रांगेत उभं होतं.

घटनेत हे स्पष्ट लिहिलंय. 74 वी घटनादुरुस्ती, कलम 243 यू, मुदत पाच वर्षं, त्याच्यावर एक दिवस नाही, आणि नवीन निवडणूक मुदत संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. सुप्रीम कोर्टानं 2006 ला अहमदाबाद महापालिकेच्या केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं होतं. तरी आपल्याकडं आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मधेच सरकार बदललं की परत पहिल्यापासून सुरू, असं करत करत 6 मे 2025 ला कोर्टानं चार महिन्यात घ्या म्हणून सांगितलं आणि त्यालाही परत मुदतवाढ मिळालीच. ओबीसी आरक्षणाबद्दल माझी काही तक्रार नाही, 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या गावात ती कोण करणार? पण सुप्रीम कोर्टानं मार्च 2021 ला ओबीसींची आकडेवारी मागितली, ती वेळेत गोळा करायचं काम सरकारचं होतं, त्याचा भुर्दंड मतदारानं का भरायचा?

बाहेर काय झालं ते सांगतो. श्रीलंकेत मार्च 2023 च्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून थांबवल्या. देश खरंच दिवाळखोरीत होता, म्हणजे कारण अगदीच खोटं नव्हतं. तरी ऑगस्ट 2024 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं हा लोकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे म्हणून निकाल दिला, राष्ट्राध्यक्ष रानिल विक्रमसिंघे अर्थमंत्री पण होते, त्यांनाही जबाबदार धरलं. शेवटी मतदान झालं ते 6 मे 2025 ला, म्हणजे बरोबर ज्या दिवशी आपल्या कोर्टाचा तो चार महिन्यांचा आदेश आला. दक्षिण आफ्रिकेत तर 2021 ला निवडणूक आयोग स्वतःच कोविडमुळं तारीख पुढं ढकला म्हणून घटना न्यायालयात गेला, एका निवृत्त उपमुख्य न्यायमूर्तींचा अहवाल पण हातात होता, तरी कोर्टानं अर्ज फेटाळला. 1 नोव्हेंबर 2021 ला लोकांनी मास्क घालून मत दिलं. आपण कोविडमध्येच बिहार, बंगालच्या विधानसभा घेतल्या की नाही? मग महापालिकेलाच कोविड कसा लागतोय?

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर म्हणतात, बरं झालं, नगरसेवक नव्हते तर टक्केवारी तरी वाचली. वाचली का नाही देव जाणे, पण दर वर्षी बजेटला काय व्हायचं ते आठवा. सभागृहच नाही म्हणून आयुक्तच प्रशासक, त्यांनी आयुक्त म्हणून बजेट मांडायचं आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचं, पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच. अधिकारी चांगले पण आले, नाही म्हणत नाही. पण पाणी आलं नाही तर सकाळी सहाला कुणाच्या दारात जायचं? नगरसेवकाला निदान पुढच्या मताची भीती असते, बदलीवर जाणाऱ्या साहेबाला कसली? झेडपीचं पण मार्च 2022 पासून हेच झालं, आणि तिथं तर गावंच्या गावं अडकली.

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 1979 ला मान्य केलाय, त्याच्या 25 व्या कलमात ठराविक काळानं खऱ्याखुऱ्या निवडणुका हा नागरिकाचा हक्क म्हटलाय. दिल्लीची निवडणूक पाच वर्षं लटकली असती तर जगभर बोंब झाली असती, गल्लीची लटकली तर प्रशासकीय बाब!

म्हणून नव्या नगरसेवकांनी पहिल्या काही सभांतच ठराव करून सरकारकडं पाठवावा. महापालिका कायद्यात दुरुस्ती करा, प्रभागरचना मुदत संपायच्या एक वर्ष आधी पूर्ण करा, ती झाली नाही तर जुन्याच रचनेवर मतदान घ्या, आणि प्रशासक आलाच तर सहा महिन्यांच्या वर नको आणि त्यानं पगार, पाणी, कचरा, औषधं एवढंच बघावं, मोठी टेंडरं काढू नयेत. आणि आपल्या वकील मंडळींना पण एक विनंती, मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचसाठी तुम्ही इतकी वर्षं भांडला, 18 ऑगस्ट 2025 पासून ते इथंच सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय, आता अशा याचिकेला मुंबईची गाडी पकडायला लागत नाही. या सभागृहाची मुदत 2031 च्या सुरुवातीला संपेल. 2030 च्या दिवाळीपर्यंत प्रभागरचनेचा कागद हलला नाही तर याचिका तयार ठेवा, पहिली सही करायला मी येतो.

आपला,
एक मतदार, शिवाजी पेठ, कोल्हापूर