खोडदच्या दुर्बिणीला आणखी एक काम द्या

माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री,
स.न.वि.वि.

परग्रहावर कुणी आहे का, हे शोधणाऱ्याला लोक हसतात. आमच्या घरी वीस वर्षं "आला का रे फोन वरून?" एवढीच चौकशी व्हायची. मी शास्त्रज्ञ नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ साली 'सेटी ॲट होम' सुरू केलं: परग्रहावरून आलेले रेडिओ संकेत घरोघरच्या कॉम्प्युटरवर शोधायचा उपक्रम. रिकामा कॉम्प्युटर त्या कामाला जुंपणाऱ्या पन्नास लाखांहून अधिक लोकांतला मी एक. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या नोंदींचा १०७ सेकंदांचा तुकडा डायल-अपवरून उतरायचा आणि माझा पेंटियम तो दिवसरात्र चाळत बसायचा. विजेचं बिल वडील भरत. मार्च २०२० मध्ये नवे तुकडे येणं थांबलं, डिसेंबरात अरेसिबोच कोसळली. खात्रीचा संदेश एकही मिळाला नाही.

तरी लिहितोय, कारण सेटी ॲट होमवाल्यांची एक युक्ती आपल्याला परवडण्यासारखी आहे. त्यांनी दुर्बिणीचा स्वतंत्र वेळ मागितलाच नव्हता. इतर खगोलशास्त्रज्ञांची निरीक्षणं चालू असताना आकाशाचा जो तुकडा समोर येईल, तिथलेच संकेत त्यांनी टिपून घेतले. टोमॅटोच्या पिकअपमध्ये मागे बसून नारायणगावला जावं, तसं.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना; चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना, एकूण सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर, जिच्या आसपास हा शोध बहुधा घेतला जातो, तीही तिथे ऐकू येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरताना आपटलेल्या युरोपच्या स्कियापरेल्ली यानाचा क्षीण संकेत याच अँटेनांनी पकडला होता.

आणि या शोधात खरी डोकेदुखी असते ती आपल्याच गोंगाटाची: मोबाइल, उपग्रह, रडार. अरेसिबोची थाळी एकच होती. खोडदला एखाद्या टॉवरचा आवाज काही अँटेनांत मोठा, काहींत नाहीसाच. आकाशातला संकेत मात्र सगळ्यांत, वेळेच्या ठराविक फरकाने पोहोचणार. म्हणजे बरेच खोटे संदेश तिथल्या तिथे गाळता येतील. अडचण इतकीच, की नेहमीच्या नोंदी सेकंदा-सेकंदांची सरासरी काढून ठेवल्या जातात आणि त्यात असा बारीक संकेत विरून जातो.

म्हणून मागणी एकच: सरासरी काढण्याआधीचे कच्चे संकेत वेगळे काढून साठवणारी यंत्रणा जीएमआरटीला द्या आणि त्या नोंदी सामान्य माणसांना चाळू द्या. 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीसाठी सरकारने १,२५० कोटी मंजूर केले, ते योग्यच झालं. त्यापुढे हा खर्च किरकोळ ठरावा.

शिवाय जुन्नरकरांचंही थोडं देणं लागतं. या दुर्बिणीभोवती रेडिओ गोंगाट नको, या शांततेपायी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलायची वेळ आली, त्यावर तिथे नाराजी आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही. जिच्यासाठी रेल्वे लांब गेली, त्या दुर्बिणीच्या नोंदींचा पहिला हप्ता तालुक्यातल्या शाळांच्या कॉम्प्युटरवर उतरावा.

माझा लॅपटॉप रात्री अकरानंतर रिकामाच असतो. आता बिलही मीच भरतो.

आपला,
सेटी ॲट होमचा एक जुना स्वयंसेवक