नर्सकाकू, हे तुमच्यासाठी

प्रिय काकू,

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "गप गं" म्हणून उठून जाल. म्हणून चारचौघांत लिहितेय.

दोन वर्षं मी पहाटे चारला उठत होते. लालबागच्या आपल्या चाळीत सहानंतर संडासात गेलं की दारावर थाप पडते, आणि मला अर्धा तास बसूनही पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. इसबगोल झालं, एरंडेल झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी पाळीचं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पोटाच्या दुखण्यात पाळी कशाला काढायची, असंच वाटायचं.

तुम्ही मात्र हातातली बादली खाली ठेवून विचारलंत, "अगं, पाळीत काय होतं?" पाळीत सगळं उलटं. दोन दिवस जुलाब. तुमच्या सांगण्यावरून तीन महिने कालनिर्णयवर खुणा केल्या, पाळीला लाल, पोटाला निळी. दोन्ही रंग जोडीनेच चालत होते. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी मंदावतात आणि पाळीत गर्भाशयाला आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं शेजारच्या आतड्यांनाही ढवळतात, हे तुम्ही जिन्यात बसून समजावलंत. वर म्हणालात, "एवढं पुष्कळ जणींना होतं. पण तुझं महिनाभर कुंथणं आणि तासातासाला पॅड बदलणं वेगळं आहे. सोनोग्राफी कर."

फायब्रॉइड निघाला. ९ सेंटीमीटरची गाठ, गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर, थेट गुदाशयावर रेललेली. हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे फारच कमी. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढेल, शौचाला काळं होईल, घाबरून सोडू नकोस, हेही तुम्ही आधीच बजावलंत. नाहीतर मी दुसऱ्याच दिवशी सोडल्या असत्या. केईएमच्या केसपेपरच्या रांगेत गुडघे धरून माझ्यासोबत उभ्या राहिलात, ते तर मी जन्मभर विसरणार नाही.

गाठ काढली, गर्भाशय राहिलं. आता मी सहाला उठते.

"प्रत्येक बद्धकोष्ठाचं मूळ गर्भाशयात नसतं, पण तारखा जुळल्या तर डॉक्टरांना दोन्ही सांगायचं," हे तुमचं वाक्य मी मजल्यावरच्या सगळ्याजणींना सांगितलंय. खालच्या मजल्यावरच्या मुलीला पाळीत शौचाला बसलं की जीवघेणी कळ येते. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, तर नाही ना, हे तपासायला मंगळवारी तिला घेऊन जातेय. रांगेत मी उभी राहते, काकू. तुम्ही घरी बसा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची