मोबाइलवर चालतंय म्हणून बंद केलेली तक्रार

सदाशिव पेठ, पुणे
दि. २४ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अपील प्राधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : राउटर बदलल्यापासून घरातला कॉम्प्युटर वायफायला न जोडला जाणे, आणि त्याबद्दलच्या तीन तक्रारी न सोडवताच बंद केल्याबाबत अपील

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचं फायबर कनेक्शन माझ्याकडे सहा वर्षं आहे. बिल एकदाही थकलेलं नाही. ११ ऑगस्टला आपला माणूस आला आणि जुना राउटर काढून नवा बसवून गेला. मी मागितला नव्हता. 'फ्री अपग्रेड आहे मॅडम' म्हणाला, चहा घेतला, गेला. त्या संध्याकाळपासून माझा कॉम्प्युटर घरच्या वायफायवर आला तर येतो, नाही तर नाही.

मी घरून डीटीपी करते. हे दिवस दिवाळी अंकांचे. तीन अंकांची पानं माझ्याकडे लागताहेत. संपादक रात्री अकराला दुरुस्त्या पाठवतात आणि सकाळी आठला पीडीएफ मागतात. अशा वेळी इंटरनेट नाही म्हणजे काय, हे छापखान्याशी कधी संबंध आला असेल तर आपल्याला सांगायला नको.

पहिली तक्रार १३ ऑगस्टला केली. फोनवरच्या मुलीने सांगितलं ते सगळं केलं. राउटर बंद-चालू केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, ड्रायव्हर काढून परत टाकला. शेवटी ती म्हणाली, 'विंडोजचा प्रॉब्लेम वाटतोय, फॉरमॅट करून बघा.' केला. सहाशे रुपये गेले, आणि जुने फॉन्ट परत बसवण्यात दोन संध्याकाळी. वायफाय होतं तिथेच.

दुसऱ्या तक्रारीला, २२ ऑगस्टला, माणूस घरी आला. हॉलमध्ये उभ्या उभ्याच खिशातून मोबाइल काढला, स्पीड टेस्ट केली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'बघा मॅडम, फुल स्पीड.' मी म्हटलं, माझी तक्रार मोबाइलची नाही, आतल्या खोलीत चला. आत आला. कॉम्प्युटरवर वायफायची यादी उघडली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौदा नावं, वर समोरच्या डेअरीचंही, आणि आमचं तेवढं नाही. तो म्हणाला, 'पासवर्ड चुकत असेल.' अहो, यादीत नावच नाही तर पासवर्ड विचारतंय कोण! मग त्याला दुसरी एक गोष्ट दाखवली. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की हाच कॉम्प्युटर त्याला लगेच जोडला जातो. राउटरपासून पंधरा मीटरची केबल स्वयंपाकघरातून ओढून लावली तरी चालतो. म्हणजे कॉम्प्युटर ठीक, लाइन ठीक. त्याने मान डोलावली आणि तक्रारीवर शेरा मारला, 'ग्राहकाच्या उपकरणात दोष'. वर भेटीचे २९५ रुपये पुढच्या बिलात लागले.

तिसरी तक्रार कशी बंद झाली ते सांगायलाच हवं. १ सप्टेंबर, गौरी जेवणाचा दिवस. माझे हात पुरणात. फोन आला, 'मॅडम, व्हिजिट लावतोय, एक ओटीपी आलाय तेवढा सांगा.' मुलीने मोबाइल कानाला धरला होता, तिनेच वाचून सांगितला. दोन मिनिटांत मेसेज आला, 'आपली तक्रार आपल्या समाधानानुसार बंद करण्यात आली आहे.' तो ओटीपी भेटीचा नव्हता, तक्रार बंद करण्याचा होता. माणूस आजतागायत आलेला नाही.

यानंतर आपल्या कंपनीचा नाद सोडून मी स्वतः मागे लागले. खालच्या मजल्यावर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी राहतो. त्याने माझ्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलं. आसपासचं कुठलं वायफाय कोणत्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या कोणत्या नंबरच्या वाटेवर, चालू आहे ते त्यात दिसतं. म्हणाला, 'काकू, कॉम्प्युटरला नाव कधी दिसतं आणि कधी नाही, ते चॅनेलसकट लिहून ठेवा.' प्रूफाच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेले. तो कागद सोबत जोडला आहे. ८ सप्टेंबरला राउटर १३ नंबरच्या चॅनेलवर, कॉम्प्युटरला नाव दिसत नाही. ११ तारखेला, गुरुवारी, दुरुस्तीसाठी लाइट गेली, दुपारी आली. राउटर परत चालू झाला तो ६ वर, आणि नाव दिसायला लागलं! दिवाळी अंकाच्या दिवसांत लाइट जाण्याची वाट पाहणारी डीटीपीवाली सबंध पेठेत मी एकटीच असेन. १३ तारखेला सकाळी राउटर पुन्हा १३ वर, नाव गायब. १६ तारखेला मी चार वेळा प्लग काढून लावला. राउटर अनुक्रमे १, १३, ११ आणि १३ वर गेला. नाव दिसलं, गेलं, दिसलं, गेलं. १८ तारखेच्या गुरुवारी परत लाइट गेली, पण राउटर बसला १२ वर. नाव नाही. ११ किंवा त्याखालचा चॅनेल असताना नाव नाही, किंवा १२-१३ वर असताना आहे, असं एकदाही झालेलं नाही.

कारण अगदी साधं आहे. माझ्या कॉम्प्युटरला वायफायसाठी जो छोटा यूएसबी डोंगल आहे, तो माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून आणलेला. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे तेरा चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत विकली जाणारी साधनं साधारणपणे ११ पर्यंतच ऐकतात. १२ आणि १३ त्यांच्या लेखी नसतातच, म्हणून यादीत नाव येत नाही आणि 'पासवर्ड चुकला' असंही कोणी सांगत नाही. इथल्या मोबाइलला तेराही ऐकू येतात, शिवाय ५ गिगाहर्ट्झही आहेच, त्यामुळे आपल्या माणसाची स्पीड टेस्ट दर वेळी उत्तम येते. आता राउटर १३ वर का जातो? पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, १, ६ आणि ११ वर गर्दी. 'ऑटो'वर ठेवलेला राउटर मोकळी जागा शोधतो, ती त्याला वरच्या टोकाला सापडते. त्याचं काही चुकत नाही.

आपण म्हणाल, मग दोष डोंगलचाच झाला. अर्धं मान्य. पण जुन्या राउटरवर हाच डोंगल चार वर्षं बिनतक्रार चालला, कारण तेव्हा आम्ही चॅनेल ६ वर कायम करून ठेवला होता. नव्या राउटरची सेटिंग उघडायला गेलं तर स्टिकरवरचा पासवर्ड चालत नाही. कॉल सेंटरला विचारलं तर 'ग्राहकाला तो देता येत नाही.' म्हणजे कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडे, आणि दार उघडत नाही हा दोष माझा. रोज प्लग काढून नशीब अजमावत बसणं हा उपाय नव्हे. एकदा रात्री साडेबाराला पूर्ण अंकाची पीडीएफ सत्तर टक्के वर गेलेली असताना राउटरने आपला आपण चॅनेल बदलला. ती फाइल पहाटे मोबाइलच्या डेटावरून पाठवली.

तरी माझी मागणी अशी. माझ्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर कायम करावा. हे आपल्या ऑफिसात बसूनही होतं असं ऐकते, नसेल तर माणूस पाठवावा. ते करायचं नसेल तर सेटिंगचा पासवर्ड मला द्यावा, मी करून घेईन. भेटीचे २९५ रुपये आणि आपल्या सल्ल्यावरून केलेल्या फॉरमॅटचे ६०० रुपये पुढच्या बिलात वजा व्हावेत. 'ग्राहकाच्या उपकरणात दोष' हा शेरा काढावा. आणि १ सप्टेंबरला ओटीपी कशासाठी घेतला गेला, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. पैशांपेक्षा या उत्तराची मी जास्त वाट पाहीन.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो, हे मला माहीत आहे. पण माझा पहिला अंक छपाईला जायला नऊ दिवस उरले आहेत. चॅनेल बदलायला दोन मिनिटं पुरतात. तेवढं आधी करावं, बाकीचं आपल्या मुदतीत चालेल.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : तिन्ही तक्रारींचे डॉकेट क्रमांक, फॉरमॅटची पावती, ऑगस्टचं बिल, चॅनेलच्या नोंदींच्या कागदाचा फोटो (मागच्या बाजूला एका कथेचं दुसरं प्रूफ आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं).

ता.क. : पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज गुरुवार. दुपारी लाइट जाऊन आली आणि राउटर ६ वर बसला आहे, म्हणून ही मेल याच कॉम्प्युटरवरून जाते आहे. उत्तर मात्र फोनवर कळवावं. ते येईपर्यंत राउटर कुठे असेल सांगता येत नाही.