बांडगूळ सरसकट काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत आमच्या रस्त्यावरच्या झाडांची सगळी बांडगुळे उतरवली गेली. "झाडाचे रक्त पितात ती," असे छाटणाऱ्या काकांनी सांगितले. ते अगदीच खोटे नाही. बांडगूळ फांदीत मुळे रुतवून पाणी आणि क्षार ओढून घेते. मात्र त्याची पाने हिरवी असतात आणि अन्न ते स्वतः तयार करते.

पीकॉक रॉयल नावाच्या देखण्या फुलपाखराचा सारा संसार या पानांवर चालतो. नराने पंख उघडले की मोरपिशी निळाई झळाळते, मिटले की साधा राखाडी रंग उरतो. मागच्या प्रत्येक पंखाला केसासारख्या दोन शेपट्या आणि बुडाशी नारिंगी किनारीचे काळे ठिपके असतात. बसल्या बसल्या ते मागचे पंख एकमेकांवर घासत राहते. शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि पक्षी तेच डोके समजून फसतो: चोच शेपटीवर पडते, फुलपाखरू पंखाचा तुकडा सोडून निसटते. अशी फाटक्या पंखांची फुलपाखरे मी कितीदा पाहिली आहेत!

मादी अंडी घालते ती बांडगुळाच्या कुळातल्या वनस्पतींवर. आधाराचे झाड आंब्याचे आहे की आणखी कशाचे, याच्याशी अळीला कर्तव्य नसते. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्याही हीच पाने खातात. शिंजीर पक्षी बांडगुळाच्या फुलांतला मध पितात. फुलटोच्या हा पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो, तिथे नवे बांडगूळ रुजते.

2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू घोषित केले, देशात सर्वांत आधी. तेव्हापासून फुलपाखरांसाठी झाडे लावा, असे आपण आवर्जून सांगतो. पण लावतो ती मधाची फुलझाडे. अळीने खायचे काय, हे कुणी विचारत नाही, आणि बांडगुळाचे रोप तर रोपवाटिकेत मिळतही नाही.

आंब्याच्या बागेत बांडगूळ माजले तर बागायतदाराने ते काढलेच पाहिजे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. रस्त्याकडेच्या धडधाकट जुन्या झाडांवर मात्र दोन-तीन झुबके राहू द्यावेत आणि छाटणीच्या आदेशातच तसे लिहावे. त्या दिवशी खाली पडलेल्या ढिगात हळदीकुंकूच्या पिवळसर अळ्यांचा घोळका पाने कुरतडत होता. मी सांगेपर्यंत ढीग गाडीत भरला गेला होता.

आपली,
एक वाचक