बेळगावचा जुना इतिहास मुंबईच्या दप्तरात शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या इतिहास-प्रकल्पांत शेवटच्या पानावर संदर्भ म्हणून अनेकदा नुसते 'गुगल' लिहिलेले असते. गुगल पुस्तकापर्यंत नेऊन सोडते. संदर्भ त्या पुस्तकाचा द्यायचा.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याआधीचे कागद 'कर्नाटक' टाकून शोधले की फारसे काही हाती लागत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा) २१ वा खंड (१८८४) संपूर्ण बेळगावचा आहे आणि 'इंटरनेट अर्काइव्ह' या संकेतस्थळावर मोफत मिळतो. इंग्रजीत शोधताना 'Belgaum' हे जुने स्पेलिंग टाका. 'Belagavi' हे आजचे अधिकृत स्पेलिंग २०१४ चे आहे. तालुक्यांची नावेही जुनीच शोधा. सौंदत्ती गॅझेटियरमध्ये 'परसगड' तालुक्यात सापडेल, बैलहोंगल 'संपगाव'मध्ये. कित्तूरच्या १८२४ च्या लढ्याची हकिगत मात्र सरकारी इंग्रजी नजरेची आहे. तिच्यातल्या तारखा घ्या, शेरे इतर साधनांशी ताडून पाहा.

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसवर लिहिणाऱ्यांनी गांधीजींचे अध्यक्षीय भाषण मुळातून वाचावे. 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर समग्र वाङ्मयाचे १०० छापील इंग्रजी खंड आहेत, भाषण २५ व्या खंडात आहे. संगणकीय आवृत्ती ९८ खंडांची. तिचे खंड आणि पाने छापील प्रतीशी जुळत नाहीत. म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते लिहायलाच हवे, नाहीतर तपासणाऱ्याला ते पान सापडणार नाही.

स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत शब्द टाकून शोधू नका. यंत्र जोडाक्षरे चुकीची वाचते, त्यामुळे असलेला शब्दही 'नाही' असे उत्तर येते. अनुक्रमणिका आणि सूची उघडा. पान लिहिताना छापील क्रमांक द्या, पीडीएफचा नको. मुखपृष्ठ-प्रस्तावनेमुळे दोन्हींत सहज दहा-वीस पानांचा फरक पडतो. प्रकाशनवर्षही ग्रंथाच्या आतल्या पानावरून घ्या, संकेतस्थळावरची नोंद पुष्कळदा चुकलेली असते.

विकिपीडिया वाचावा, पण तळटीपेतला ग्रंथ उघडावा. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, तेही लिहावे. सीमाप्रश्नावर मात्र दोन्ही बाजूंच्या पत्रकांतले उतारे पुरेसे नाहीत; केंद्र सरकारने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राचे त्यावरचे आक्षेप, दोन्ही मुळातून वाचावेत.

शिक्षकांना विनंती, की प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे ग्रंथ, वर्ष आणि पान मागा. त्यातली दोन पाने स्वतः उघडून पाहा. जुळली नाहीत तर गुण कापण्याआधी प्रकल्प दुरुस्तीला परत द्या.

— इतिहासाचे काही शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)