सुटं करण्याचं काम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. 'कापसाच्या तपासणीत तुम्ही दिवसभर मोजता तरी काय?' असं तू विचारलंयस. मोजणं थोडं असतं रे. आमचा वेळ आणि जीव जातो तो सुटं करण्यात. गाठीतला कापूस दाबून बसलेला, आत पानाचा चुरा आणि सरकीची टरफलं. तो मोकळा झाल्याशिवाय एकही आकडा हाती येत नाही.

सध्या मी कापसातला कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे शर्ली अ‍ॅनालायझरवर आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटवरून हे नाव आलं, आणि त्या संस्थेला एका देणगीदाराच्या मुलीचं नाव दिलेलं. 100 ग्रॅम कापूस तोलून फीड प्लेटवर सारखा पसरायचा. कुठे जाड, कुठे विरळ झाला की काम बिघडलंच. फीड रोलर तो हळूहळू आत सरकवतो आणि करवतीसारख्या दातांचा सिलिंडर झुबके ओरबाडून सुटे करतो. पुढचं सगळं हवा करते. हलके तंतू तिच्याबरोबर उडत फिरत्या जाळीच्या पिंजऱ्यावर जाऊन बसतात, जड कचरा खालच्या ट्रेत पडतो. एका फेरीत भागत नाही. रुई पुन्हा घालायची, मग ट्रेतला कचराही घालायचा, कारण त्यात चांगले तंतू अडकलेले असतात. शेवटी रुई आणि कचरा तोलले की बेरीज 100 ग्रॅम भरत नाही. ही तूट म्हणजे मुख्यतः हवेबरोबर गेलेली धूळ. आम्ही तिला 'अदृश्य घट' म्हणतो आणि तिची वेगळी नोंद ठेवतो. दिसत नाही म्हणून ती कचऱ्यात ढकलून द्यायची नाही, ही शिस्त मला मनापासून पटते.

पण ज्या दातांनी कापूस सुटतो, तेच दात काही तंतू तोडतातही. म्हणून लांबी बघायला बेअर सॉर्टर. त्यात फण्यांच्या रांगा असतात. चिमूटभर तंतू त्यांत अडकवायचे आणि चिमट्याने लांबातले आधी काढत काळ्या मखमलीवर उतरत्या क्रमाने लावायचे. सुरुवातीला एकदा मी घाईने चिमटा ओढला. आखूड तंतूंचं प्रमाण एकदम वाढलं. कापूस चांगला होता, तंतू माझ्या हातून तुटले होते. तो नमुना मी पुन्हा पहिल्यापासून लावला आणि त्या दिवसापासून हात आवरायला शिकलो.

आता तंतूंची लांबी आपोआप मोजणारं एएफआयएस नावाचं यंत्र आहे. अर्ध्या ग्रॅमचा पेळू हाताने वळून द्यायचा. काट्यांचे रोलर आणि हवा मिळून तंतू, गुठळ्या आणि कचरा वेगळे करतात, आणि एकेक तंतू प्रकाशाच्या झोतातून जातो. 3000 तंतू काही मिनिटांत! बेअरवर एका नमुन्यालाच तासाच्या वर जातो. तरी रोलरचे काटे झिजले, वेग चुकला की इथेही तंतू तुटतातच, आणि पडद्यावर मात्र आकडा अगदी खात्रीचा वाटतो. म्हणून मी अधूनमधून ठरलेल्या लांबीचा कापूस घालून त्याची परीक्षा घेतो.

आलास की तुला मखमलीवर एक नमुना लावून दाखवीन. डावीकडे लांब तंतू, मग उतरत जाणारी ती कड. फक्त त्या वेळी पंखा बंद ठेवावा लागेल आणि जपून श्वास घ्यावा लागेल.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र